लग्नमांडवातला अंधार

एडन, १२ मे

चि. अतिकास दादाचे सलाम व आशीर्वाद. वि. वि.

मी खुशाल आहे. इथे पावाच्या भट्टीपुढे उभं राहूनही आपल्या गावापेक्षा गारच वाटतं, असं आईला सांग.

ट्रकवाल्याच्या हाती नाजीकाकांचा निरोप आला. ऐन त्यांच्या मुलाच्या लग्नात तू वीज तोडलीस म्हणे. नवरी अंधारात, आणि वीजघराची किल्ली तुझ्या कमरेला! लहानपणी भांडलीस की माझ्या चपला विहिरीत टाकायचीस, ते मी सोसलं. पण लग्न म्हणजे चप्पल नव्हे. बाबांमागे काकांनीच आपल्याला वाढवलं. गावच्या बायका सौरवीज चालवतात, हे मी इथे मिरवून सांगत होतो. आता माफी माग आणि किल्ली काकांना दे.

लोभ आहे, म्हणूनच राग आहे.
तुझा दादा, मुकबिल

*

वादी समर, २३ मे

ती. दादास अतिकाचे सलाम. वि. वि.

पत्र आईला वाचून दाखवलं. चपलांपाशी ती हसली, किल्लीपाशी तिने माझ्या कमरेकडे पाहिलं.

काकांनी कळवलं ते खरं आहे. जे कळवलं नाही, ते असं. दोन-तीन दिवस धुळीचं वादळ होतं. पॅनेल पुसावं तोवर पुन्हा पिवळं. बॅटऱ्या तळाला गेलेल्या. त्यात लग्नाच्या संध्याकाळी दवाखान्यात तंबूवस्तीतली एक बाई बाळंत झाली. लढाईतून पळून आलेली माणसं ती, गावात त्यांचं कोण? मुलगी दिवस भरण्याआधीच झाली, काळीनिळी. ऑक्सिजनचं यंत्र बंद पडता कामा नये, असं सांगत नर्सबाई धावत आल्या. मी सगळ्या घरांची लाइन काढली. उरला फक्त मांडव. काकांना जाऊन विनवलं. ते म्हणाले, तंबूवाल्यांची पोरं रोज होतात नि रोज जातात, माझ्या घरी लग्न एकदाच. रागात बोलले असतील, पण बोलले. मी परत आले आणि खटका ओढला. ज्यांनी मला अक्षर शिकवलं, त्यांचाच मांडव हा, हे विसरले नव्हते रे.

आता पुढच्या महिन्यात एका जुम्याच्या नमाजानंतर किल्लीचा निवाडा गाव करणार आहे. सगळं ऐकून तू काय म्हणतोस?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
अतिका

*

एडन, २ जून

चि. अतिकास आशीर्वाद. वि. वि.

किल्ली देऊ नकोस. काकांची हौस मोडली, तिची माफी जरूर माग. खटका ओढल्याची नको. त्यांना मी वेगळं लिहितो आहे. पण मुलगी कशी आहे, ते तू लिहिलंच नाहीस.

तुझाच, मुकबिल

*

वादी समर, १४ जून

ती. दादास सलाम. वि. वि.

लिहिलं नाही, कारण लिहवत नव्हतं. मुलगी चार दिवस जगली.

निवाड्यात तेच निघालं. एवढं करून काय मिळवलंस, असं कुणीतरी विचारलं. तेवढ्यात बायकांमधून नवी नवरी हयात उठली. सासऱ्यांसमोर तोंड उघडते म्हणून कुजबुज झाली. ती म्हणाली, माझा मांडव एका संध्याकाळचा होता, त्या आईला लेक चार दिवस मिळाली. मला कुणी विचारलं असतं तर मीच दिवे मालवले असते. मग निवाडा झाला. किल्ली माझ्याकडे राहिली.

हयात आता रोज सकाळी काम शिकायला येते. नखांवरची मेंदी अजून उतरलेली नाही, त्याच हातांनी पॅनेल पुसते. काका माझ्याशी बोलत नाहीत, पण सुनेला अडवतही नाहीत. काल तिने काकांच्या घरून फडक्यात बांधून आणलेली भाकरी दोघींपुरती होती. कुणी बांधून दिली ते तिने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. दोघींनी सावलीत बसून खाल्ली.

आहे तशीच माया राहू दे.
तुझी अतिका