मागच्या पंखावरचा काळा डाग

३ जून, मंगळवार
दाराच्या तोरणाखाली एक पाखरू बसलंय. दिव्यावर झेपावतात तसलं, पण तळहाताएवढं! मातकट पिवळं, पंखावर डोळ्यासारखा ठिपका आणि त्या ठिपक्याच्या मधोमध काचेसारखं आरपार. कचऱ्याची बॅग घेऊन बाहेर निघाले होते, तशीच आत आले.

तोरण कोशांचं आहे, टसरच्या रेशीमकिड्यांच्या; विदर्भात कोसे म्हणतात ते. आई - नकुलच्या आई - भंडाऱ्याहून घेऊन आल्या, आमच्या पहिल्या घरासाठी. आंब्याची पानं अमेरिकेत आणू देत नाहीत हे त्यांना पक्कं माहीत. "हे पान नाही, फळ नाही. रेशीम आहे," म्हणून साडीत गुंडाळून आणलं. आणि विमानतळावर काहीही विचारलं तरी "नो" म्हणायचं, हे नकुलने फोनवर त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. त्या म्हणाल्या "नो".

पाखराचा फोटो काढून ओळखायच्या ॲपवर टाकला. बघू काय निघतं.

४ जून
मूर्ख आहे मी. शुद्ध मूर्ख.

ॲपवर डेल म्हणून कोणी आहे, त्याने लगेच लिहिलं - हा अँथेरिआ, पण त्यातला कुठला? मागचे पंख झाकलेत, दिसत नाहीत. कुठे सापडला? मी आपलं सरळ लिहून मोकळी - ट्रॉय, मिशिगन, सासूबाईंनी इंडियातून कोसे आणलेत, त्यातलाच असेल. त्याचं उत्तर : मग हा टसरचा पतंग असू शकतो. तो इथे असताच कामा नये.

नकुलला दाखवलं. त्याचा चेहराच उतरला. "तू हे लिहून दिलंस? स्वतःहून?" कमेंट डिलीट केली. "डिलीट करून काय होतं यार, लोक स्क्रीनशॉट काढतात." १८ तारखेला ग्रीन कार्डाचा इंटरव्ह्यू. इतकी वर्षं रांगेत काढली आणि आता एका पाखरापायी? आईंना परत पाठवतील का? त्यांना काय विचारतील?

५ जून
पाखरू लाँड्री रूममध्ये, दुधावर झाकायच्या जाळीखाली ठेवलंय. मारवत नाही. सोडायची तर त्याहून भीती.

दिवसभर वाचत बसले, काम काही झालं नाही. याला तोंडच नसतं! म्हणजे असतं नावापुरतं, खाता येत नाही. अळी असताना जे खाल्लं त्यावर आठवडाभर जगायचं, अंडी घालायची, मरायचं. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद, मादीच्या बारीक. आमच्या पाखराच्या बारीक आहेत. पोट टम्म. मादीच! आणि अळ्यांना ओकची पानंही चालतात म्हणे. आमच्या गल्लीत ओकशिवाय आहे काय?

आईंना विचारलं, कोसे उकडून मारलेले होते ना? "बाजारातली बाई म्हणाली उकडलेत. मी हलवून पाहिले, वाजले नाहीत. म्हणजे रिकामेच ना वो." आत मेलेला किडा वाळला की कोसा खुळखुळ्यासारखा वाजतो, असं मी आत्ताच वाचलं होतं. न वाजणारा जिवंत असतो. हे त्यांना सांगितलं नाही.

त्या चमच्यात साखरपाणी घेऊन पाखरापाशी बसल्यात. "काहून एवढी भितेस? पोटुशी बाई आहे ती."

६ जून
सकाळी लाँड्री रूमच्या खिडकीला, बाहेरच्या बाजूने, तसलीच पाखरं चिकटलेली. पाच-सहा तरी. रुंद मिशांची!

आमच्याच तोरणातली? सगळी सुटली? तोरण बघितलं तर एक कोसा पिंजल्यासारखा दिसतोय. आई म्हणतात तो आधीपासून तसाच आहे. मला काही आठवत नाही. आईंनी तोरण उतरवून कुठेतरी ठेवलं.

जेवण गेलं नाही.

९ जून
डेलने कळवलंच. राज्याच्या शेतीखात्यातल्या टेरी नावाच्या बाईचा फोन, गुरुवारी येतेय. आवाज गोड होता, त्यानेच जास्त भीती वाटली.

नकुलने आईंना सांगितलं, तोरण जाळा. त्या म्हणाल्या, "दाराचं तोरण जाळत असतात का रे?" शेवटी ते त्यांच्या कपाटात गेलं, साड्यांच्या खाली. टेरीने विचारलं तर जाळलं म्हणायचं, असं ठरलंय. मी नको म्हणाले नाही.

१२ जून, गुरुवार
सुटलो!

टेरी आली, साठीची असेल. पाखरू दमलेलं, जेमतेम हलत होतं. पेन्सिलीच्या टोकाने तिने पुढचा पंख अलगद उचलला आणि हसली. मला जवळ बोलावलं. मागच्या पंखावरच्या डोळ्याभोवती शाई सांडल्यासारखा मोठा काळा डाग. "हा आहे ना, मग ही इथलीच. पॉलिफेमस." टसरच्या पंखावर हा डाग नसतो. अँथेरिआ हे आडनाव समज, म्हणाली, दोघी चुलत बहिणी. खिडकीवर आले ते नरही इथलेच, हिच्या वासाने आलेले. मग तिने तिला मागच्या ओकवर सोडून दिलं.

जाता जाता विचारलं, ते कोसे कुठायत? नकुल म्हणाला, जाळले. तिने आईंकडे बघितलं, "घरात अजून काही आहे?" आई म्हणाल्या, "नो."

टेरीने कार्ड दिलं. "काळा डाग नसलेलं दिसलं तर मला त्याच मिनिटाला फोन कर. तुम्हाला पकडायला नाही. ही झाडं वाचवायला." मी मान डोलावली. तिच्याकडे बघवत नव्हतं. ती गेल्यावर मात्र दोन वाट्या श्रीखंड खाल्लं आणि ढसाढसा रडले.

१५ जून
नकुल शीळ घालत गवत कापतोय. आईंनी त्यांच्या खोलीच्या खिडकीची जाळी काढून पोर्चच्या छपरावर पापड वाळत घातलेत. सोसायटीवाले बोंब मारतील. मारू देत. आज मला कशाचीच भीती नाही.

१७ जून
आईंच्या कपाटात खरखर. साड्या बाजूला केल्या. पाखरू आहे, पंख अजून ओलसर. मागचा पंख मी पेन्सिलीनेच उचलला. काळा डाग नाही.

त्या पिंजलेल्याशिवाय तोरणातले आणखी दोन कोसे फुटलेत. पाखरू एकच. कपाट कालपासून उघडं होतं, आणि खिडकीची जाळी अजून भिंतीला टेकवलेली आहे.

टेरीचं कार्ड हातात धरून बसलेय. खाली नकुल उद्याच्या इंटरव्ह्यूच्या शर्टाला इस्त्री करतोय.