टपून घेतलेली नावे

मी, एनिड मार्गारेट थ्रप, राहणार टेकडी रस्ता, कोराबी, न्यू साउथ वेल्स, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्यामागे काय व्हावे ते लिहून ठेवते. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

माझा दिवंगत नवरा लेस्टर इंटरनेटवरची नावे, म्हणजे संकेतस्थळांचे पत्ते, घेऊन ठेवी. कुणी मुदतीचे पैसे भरायला विसरले की हा टपलेलाच. त्या पत्त्यावर दुकान नाही, माहिती नाही, नुसत्या जाहिराती. भरवशाने आलेल्या माणसाने जाहिरातीवर बोट ठेवले की लेस्टरला पैसे. ती सगळी नावे आता माझ्या मालकीची आहेत. हे लिहितानाही किळस येते.

गावातल्या पूर-मदत पथकाचे नाव त्याने असेच उचलले. मोठ्या पुरात माझी मैत्रीण व्हाल केसेल आणि तिचा नवरा मर्व्ह माळ्यावर अडकले. मदतीचा फोन कुठेच लागेना. त्यांच्या मुलीने ब्रिस्बेनमधून पथकाचा पत्ता उघडला, तर समोर बोटींसाठी कर्ज आणि जुगार यांच्या जाहिराती. बोट पोचली तेव्हा मर्व्ह गेला होता.

त्या संध्याकाळी लेस्टर हसत स्वयंपाकघरात आला.

"एनिड, बघ तरी! पथकाच्या नावावर आज नुसती झुंबड उडालीय!"

"माणसं बुडत होती, लेस्टर."

"मग पाऊस काय मी पाडला?"

पथकाने नाव परत मागितले, तर याने भाव सांगितला. तो गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ते फुकट देऊन टाकले. त्याची मासेमारीची बोट, इंजिनासकट, पथकाला द्यावी. पुराच्या दिवशी ती आमच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली कोरडी होती.

मुलगा ग्रँट याला वडिलांचे घड्याळ आणि गोल्फच्या काठ्या. संगणकही, पण आतले सगळे पुसून. "आई, धंदा चालू राहू दे, घाण वाटते तर तू बघू नकोस," असे तो मला ईस्टरच्या जेवणाच्या वेळी म्हणाला.

उरलेली नावे विकू नयेत. सोडूनही देऊ नयेत, कारण मुदत संपली की दुसरा लेस्टर उचलणार. घर भाड्याने द्यावे आणि भाड्यातून वकील श्रीमती ओडगर्स यांनी नावांच्या मुदतीचे पैसे भरत राहावे. ज्याचे नाव त्याने मागितले तर एक पैसा न घेता द्यावे. तोवर ती पाने कोरी ठेवावीत. एकही जाहिरात नको.

व्हालसाठी मी माझा चिनीमातीचा संच लिहिला होता. तिने तो खोडायला लावला. "तुमच्या घरातलं मला काही नको गं, एनिड," ती म्हणाली. "साक्षीला मात्र येते."

सही: एनिड मा. थ्रप

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही झाली:
व्हालरी केसेल
रोनाल्ड इझार्ड, निवृत्त पोस्टमास्तर

कोराबी, १९ ऑगस्ट २०२५