बाळंतिणीच्या खोलीतलं यंत्र

मुक्काम कुरुंदा, वैशाखातली एक (गार) दुपार

प्रिय मित्र धनसिंग,

आपल्या पुसेगावच्या शाळेचे पत्रे दुपारी तडकायचे, तो आवाज तुझ्या कानात अजून आहे का रे? मधली सुट्टी संपायची, ऊन डोक्यावर यायचं, पत्रा एकदम ‘कट्ट’ करायचा, आणि त्याच वेळी गुरुजी टेबलावर छडीनं ठेका धरून आपल्याकडून झऱ्याची कविता म्हणवून घ्यायचे. तोंडात झरा आणि पाठीवरून घामाचे ओहोळ. (तुला एकही कविता कधी पाठ झाली नाही, पण आता पत्रा वाजणार हे तू बराबर आधी सांगायचास.) तोच आवाज हल्ली माझ्या घरात येऊन राहिला आहे, आणि त्याचीच हकिगत तुला सांगायची आहे. त्याआधी रीतीप्रमाणे नमस्कार घे. गुडघा कसा आहे, वहिनींची तब्येत कशी आहे, म्हैस व्याली का, हे सगळं सवडीनं कळव. आम्ही खुशाल आहोत. म्हणजे कालपासून आहोत. फोनच केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला थोडक्यात बोलता येत नाही.

तर रेवतीला मुलगी झाली. नांदेडच्या दवाखान्यात सुखरूप झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुला सांगायला नको. पण आमचे जावई शौनकराव यांना ते पटवताना मला नोकरीच्या मुलाखतीपेक्षा जास्त घाम फुटला. माणूस सज्जन, पण पुण्याचा. वैशाखात कुरुंद्याला बाळ-बाळंतीण ठेवायची तर त्या खोलीत एसी पाहिजे, नाहीतर बारशाआधीच दोघींना पुण्याला नेईन, असं त्यांनी गोड आवाजात बजावलं. तुझ्या कालिंदीवहिनीनं माळ्यावरचा पाळणा काढून, घासून, त्याला नवीन दोरही लावला होता. लग्नानंतर लेक इतके दिवस पहिल्यांदाच घरी राहणार. तेव्हा नातीचं नाव आपल्या पाळण्यात ठेवलं जाणार की पुण्याच्या एखाद्या हॉलमध्ये, हे सगळं आता एका यंत्राच्या हाती होतं.

यंत्र त्यांनीच पाठवलं. उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम हवा देणारं, दोन्ही कामांचं. रेवती दवाखान्यात असतानाच वसमतचा प्रेमदास मिस्त्री येऊन ते बसवून गेला, एक पेटी खोलीत भिंतीवर आणि दुसरी मागच्या अंगणात, आणि रिमोट माझ्या हातात देऊन लगीनघाईनं निघून गेला (कोणाचं लग्न, विचारायचं राहिलं). आता त्या रिमोटवर अक्षर एकही मराठी नाही, नुसती चित्रं. एक सूर्य, एक पाण्याचा थेंब आणि एक पाकळ्यापाकळ्यांचं फूल. मी शांतपणे विचार केला. फूल हुबेहूब शेवंतीचं, शेवंती फुलते थंडीत, म्हणजे ते बटण हिवाळ्याचं. सूर्य उन्हाळ्याचा, यात तर शंकाच नाही. मी सूर्य दाबला. थोड्या वेळानं पेटीतून अशी हवा आली की मला शाळेच्या पत्र्यांची आठवण होऊन डोळे भरून आले.

तू म्हणशील, मग एकालाही कसं कळलं नाही? अरे, बाळंतिणीची खोली गरम असायला पाहिजे, हे घरात सगळ्यांना पाठ. तुझी धाकटी बहीण रूपाबाई तेव्हा खोली सारवल्यासारखी पुसून, शेगडी, ओवा, शेपा, वावडिंग मांडून बसली होती. (अर्ध्या कुरुंद्याची लेकरं तिच्या हातच्या तेलानं वाढली आहेत. आमच्या दारी ती तांड्यावरून रोज चालत येते आणि आल्याबरोबर मालकीण होते.) ती यंत्राखाली जाऊन उभी राहिली, दोन्ही हात शेकले आणि म्हणाली, “व्यंकटदादा, जावयानं शेगडी लई भारी धाडली.” कालिंदीनं यंत्राला हळदकुंकू वाहिलं. जावयांच्या समजूतदारपणाचं आम्ही तिघांनी मनापासून कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी रेवती बाळ घेऊन आली, खोलीत पाऊल टाकलं आणि तशीच मागे फिरली. मग रिमोट माझ्या हातातून घेऊन तिनं शेवंती दाबली. (ते म्हणे बर्फाचं नक्षत्र आहे. आपण बर्फ पाहिला तो बर्फगोळ्यात, त्याला पाकळ्या असतात हे आपल्याला काहून माहीत असावं?) खोली गार झाली, पोरगी गाढ झोपली आणि रूपाबाईचा चेहरा उतरला. गार वाऱ्यानं बाळंतीण आखडते, असं तिचं म्हणणं. घामोळ्यांनी लेकरू रडतं, असं रेवतीचं. शेवटी कालिंदीनं तह घडवला. दिवसभर यंत्राचं राज्य. आंघोळीनंतर मात्र यंत्र बंद, दारं-खिडक्या बंद, आणि शेगडी-धुरी रीतीप्रमाणे. इतिहासात याहून वाईट तह झाले असतील, पण इतक्या धुराचा झाला नसेल.

काही दिवस बरे गेले. मग वारा मंदावला. पुढं वारा यायचा पण गार नाही, आणि त्याहून पुढं पेटीतून पाणीच टपकायला लागलं, तेही नेमकं रूपाबाईच्या तेलाच्या वाटीत. मी रिमोटचे सेल बदलले. स्टॅबिलायझरला कान लावून बसलो. बाहेरच्या पेटीपुढे उभा राहून भुजंगप्रयातात दोन ओळीही रचल्या:

उन्हाने जळे गाव सारा दुपारी
भिजे अंग, यंत्रा, कृपा दे उधारी

यंत्रानं ‘कट्ट’ केलं आणि बंद पडलं. (कालिंदीचं मत, त्यालाही ऐकवलं नाही.) त्याच संध्याकाळी शौनकरावांनी व्हिडिओ कॉलवर बाळाच्या मानेवरच्या घामोळ्या पाहिल्या. ते रागावले नाहीत, हेच वाईट. म्हणाले, “बाबा, तुमची तकलीफ मला कळते. शनिवारी गाडी घेऊन येतो.” कालिंदी पाळण्याचा दोर सोडून परत घट्ट बांधत बसली.

प्रेमदास आला तो शुक्रवारी, अत्तर लावून. पेटीवर दोन टिचक्या मारून म्हणाला, गॅस गेला असंल, लग्नं उरकली की येतो. निघता निघता त्यानं शेगडी पाहिली आणि रूपाबाईच्या देखत बोलला, “मावशी, मशीनला तुमच्या धुरानं दमा झाला.” रूपाबाईनं शेगडी उचलली, अंगणात राख ओतली, शेगडी काखेत मारली आणि उंबऱ्याबाहेर जाऊन मगच म्हणाली, “माझ्या धुरानं आजवर एक लेकरू खोकललं न्हाई. ठेवा तुमच्या मशीनला नीट.” आणि गेली.

ती गेल्यावर कालिंदी स्टुलावर चढली, पेटीचं झाकण उघडलं आणि आतली जाळी ओढून काढली. तिचं म्हणणं साधं होतं, जाळी दिसली की ती तुंबणारच, मग ती चहाची असो की मोरीची. जाळीवर ओव्याच्या धुराचा आणि तेलाचा असा थर होता की खालून दिवा धरला तरी वर दिसू नये. तिनं ती साबणानं धुतली, सावलीत वाळवली, परत बसवून यंत्र चालू केलं. वारा धो धो आला, पाणी टपकायचं थांबलं, पण गारवा निम्माच. आणि शनिवार तर दुसऱ्याच दिवशी.

निम्मं गणित रेवतीनं सोडवलं. शनिवारी सकाळी दुपटी वाळत घालायला ती मागच्या अंगणात गेली आणि तिथूनच ओरडली, “बाबा, हे काहून गुंडाळलं?” त्याचं असं की, बाहेरची पेटी वैशाखाच्या उन्हात उभी राहून आपल्याला गारवा देते, हे मला बघवेना. आपण रांजणाला ओलं गोणपाट गुंडाळतो, पाणी गार राहतं. तसंच मी तिला गुंडाळलं होतं आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी शिंपडत होतो. आता नेमके याच दिवसांत शेजारच्या पुनमचंदकडे हळद पॉलिश करण्याचा ड्रम फिरतोय. सगळी पिवळी धूळ त्या ओल्या गोणपाटावर बसून, आत झिरपून, पेटी नवरदेवासारखी हळदीनं माखून निघाली होती. खोलीतली गरमी त्या पेटीनं बाहेर टाकायची असते, बाबा, आणि तुम्ही तिचंच नाक-तोंड बांधलं, असं रेवती म्हणाली आणि हसत हसत तिथंच पायरीवर बसली. लेकीला इतकं हसताना मी तिच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

मेन स्विच बंद केला, गोणपाट सोडलं, पाइपानं हलक्या धारेनं पेटी धुतली. अंगणातून पिवळं पाणी वाहिलं. पेटी निथळल्यावर स्विच लावला आणि थोड्याच वेळात खोलीत असा गारवा आला की कालिंदीनं बाळाच्या कानाला टोपडं बांधलं. शौनकराव जिंतूरपर्यंत पोचले होते. दुपारी आले, खोलीत डोकावले, बाळाशेजारी जरा आडवे होतो म्हणाले, ते दिवेलागणीलाच उठले. चहा पिताना स्वतःच म्हणाले, बारसं इथंच करू. आज सकाळी परत गेले. धनसिंग, मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू. गाडी वळणाआड गेली आणि मी ओट्यावर बसून ती झऱ्याची कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. शाळेत नेहमी गाळायचो ते कडवंसुद्धा आठवलं.

असो. लोभ आहेच, तो गुडघ्यासारखा जपावा.

तुझा,
व्यंकटराव

ता. क. बारशाला सहकुटुंब ये. हे निमंत्रणच समज.

ता. क. दुसरा. येताना रूपाबाईला सोबत घेऊन ये. किंबहुना तू नाही आलास तरी चालेल. काल आणि आज बाळाची आंघोळ कालिंदीनं केली. बाळ रडलं, कालिंदी रडली, आणि आता रेवती म्हणते, रूपामावशी नसेल तर मलाही पुण्यालाच गेलेलं बरं, तिथं निदान मालिशवाली मिळते. यंत्र खोली गार करतं रे, पण लेकराला पायावर घेत नाही. मी स्वतः तांड्यावर जाऊन आलो, तर पोरांनी सांगितलं, घरात न्हाई. आतून बांगड्या वाजत होत्या. ती ऐकली तर तुझंच ऐकेल. धुराचा दोष निम्माच होता, उरलेला माझ्या गोणपाटाचा, हे तिला माझ्या नावानं सांग. धुरी आता ओसरीवरच्या खोलीत करू, तिथं यंत्र नाही. वर एवढं सगळं लिहिलं ते खरं तर याचसाठी.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात दार वाजलं. टळटळीत दुपार, मला वाटलं पुनमचंद, पत्र त्याच्याच हाती पोस्टात धाडू. उघडून बघतो तो रूपाबाई. डोक्यावर पदर, कपाळावरून घाम, काखेत शेगडी. मी आपलं गोणपाटाचं सांगायला तोंड उघडलं, तर तिनं मला हातानंच गप्प केलं आणि खोलीकडे मान करून विचारलं, “चालू हाय का बंद?” मी म्हटलं, चालू आहे. ती आत आली, भिंतीला टेकून खाली बसली आणि डोळे मिटून म्हणाली,

“मग दार लावा की, दादा. गारवा भाईर जाऊन राहिला.”