संवादाचा अभाव

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुमच्याबद्दल आदर काही वाटत नाही. विभागात तुमचा फोटो लावलाय. त्याला हार घालायची वेळ आली की मी पाणी प्यायला उठून जाते.

मानसशास्त्रातलं निरीक्षण तुम्ही आम्हाला शिकवायचात. 'निरीक्षकानं भिंत व्हावं, कुणाला जाणवूही नये.' आणि माझ्या प्रबंधासाठी इचलकरंजीच्या पॉवरलूमच्या शेडमध्ये आलात ते कडक इस्त्रीचा पांढरा सफारी घालून, कानांत कापसाचे बोळे कोंबून. कसली डोंबलाची भिंत! मालकानं दाराशी खुर्ची टाकली, चहा दिला, आणि तिथून अर्ध्या तासात तुमची अख्खी शेड बघून झाली. त्या खडखडाटात माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात. मी लूमवरच्या माणसाची मुलगी, मला ते लहानपणापासून येतं. एक जण तुमच्याकडे बघून पलीकडच्याला विचारतोय, 'मीटर तपासायला आलाय व्हय?' पलीकडचा सांगतोय, 'न्हाय, मालकाचा जावई दिसतोय.' सगळी रांग हसतेय. आणि तुम्ही मान खाली घालून वहीत लिहिताय, कामगारांमध्ये संवादाचा अभाव.

तिसऱ्या लूमवर माझे आबा होते. त्यांच्या शब्दावर तर मालकानं आपल्याला आत घेतलं होतं. त्यांनी पाच बोटं तोंडाशी नेऊन मला विचारलं, 'जेवलीस का?' माझ्या हातात वही होती. मी उत्तर दिलं नाही.

परतताना एसटीत मी म्हटलं, 'सर, ती माणसं बोलतात की. हातांनी.' तुम्ही हसलात. 'तू घरची, तुला तसं वाटणारच. पीएच.डी. पाहिजे ना? मग दिसलं तेवढंच लिहायचं. आणि वडिलांचा उल्लेख कुठंही नको.' दिसलं तेवढंच! अहो, तुम्हाला दिसलं होतं तरी काय? उथळ माणूस होतात तुम्ही, आणि वर तोरा केवढा. पण मी लिहिलं. पदवी मिळाली, नोकरी लागली, आता तुमच्याच खुर्चीत बसते.

लूमच्या खडखडाटानं आबांचे कान गेले. घरी आम्ही हातांनीच बोलतो. परवा कपाट आवरताना माझा इंग्रजीतला प्रबंध त्यांच्या हाती लागला. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, 'ह्यात माझं काय लिवलंयस?' कामगार क्रमांक तीन, दिवसभर कुणाशीही संवाद नाही, असं लिहिलंय. मी हातांनी सांगितलं, 'चांगलं लिहिलंय.' तेव्हापासून आबा तो उशाशी घेऊन झोपतात.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, आबांना तर नाहीच. संवाद नाही, हे वाक्य तुमचं होतं, सर. पण त्या दिवशी शेडमध्ये हातांनी बोलता येत असून आबांशी न बोललेली मी एकटीच होते.