गॅस काढलेलं थंड

आई,

तू ओट्याशी उभी आहेस. स्टीलच्या लोट्यात बाटलीतलं फसफसतं नारंगी थंड ओतून चमच्याने ढवळते आहेस, आणि मी पाटावर बसून गणितं सोडवते आहे. फेस वर येतो, बसतो, तू पुन्हा ढवळतेस. मग लोटा उचलून कानाला लावतेस, आतली चरचर थांबली का ते ऐकायला. "अजून बोलता गो ह्या," असं म्हणून परत चमचा घालतेस. आवाज पुरता बंद झाला की उभ्याउभ्याच सगळं पिऊन टाकतेस, लोटा विसळून पालथा घालतेस आणि दिवा लावायला देवाकडे जातेस. धारगळच्या आपल्या स्वयंपाकघरात रोज संध्याकाळी हेच चालायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मला तर नाहीच, कारण गॅस काढून प्यायला तुला मीच शिकवलं होतं.

येत्या सोमवारी माझ्या उजव्या पायाची दोन बोटं काढणार आहेत. तुझीही आधी दोनच काढली होती. डॉक्टर तरुण आहे, चांगलं समजावून बोलतो, "मावशी, आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही" असं म्हणतो. मी मान हलवते. पण घरी आले की पायमोजा चढवते आणि दिवसभर त्या पायाकडे बघत नाही. आंघोळीच्या वेळी बघावंच लागतं, तेव्हा मला माझा पाय दिसत नाही, तुझा दिसतो. तशीच काळी पडलेली कड, आणि दुखत कसं नाही याची तशीच भीती. दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं तू म्हणायचीस. तेव्हा ते मला वेड्यासारखं वाटायचं.

बाबांचं दुकान हमरस्त्याला होतं. बस थांबली की लोक उतरायचे, बर्फाच्या पेटीतून बाटल्या निघायच्या, बिल्ले उडायचे. दुकान बंद करताना बाबा एक बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून सायकलवरून तुझ्यासाठी आणायचे. "अगे, घे, अजून थंड आसा," एवढंच बोलायचे. त्यांनी तुला कधी साडी निवडून आणली नाही, कधी जत्रेला नेऊन हौस केली नाही. ती बाटली मात्र एक दिवस चुकली नाही. तू ती घ्यायचीस तेव्हा तुझा चेहरा कसा व्हायचा, ते मी पाटावरून बघायचे.

मग तुला साखर झाली. पेडण्याच्या डॉक्टरने गोड बंद करायला सांगितलं, आणि तू केलंस. चहा बिनसाखरेचा झाला. चवथीला नेवऱ्या तळून सगळ्यांना वाढल्यास आणि स्वतः एकही तोंडात घातली नाहीस, पातोळ्यांचा नुसता वास घेतलास. पण बाटली? ते खायचं नव्हतं, ते पाण्यासारखं प्यायचं होतं. गोड म्हणजे ताटातलं, अशी आपली सगळ्यांची समजूत. तरी तुला शंका आली, हे मी विसरू शकत नाही. मी शाळेतून आले होते, दप्तरसुद्धा उतरवलं नव्हतं. तू बाटली माझ्यापुढे धरलीस.

"गो, ह्या माका चलात काय? तुमच्या शाळेत काय सांगतत?"

त्याच आठवड्यात आमच्या सिस्टरने वर्गात सोड्याची बाटली हलवून त्यातून निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडून दाखवला होता. निवळी दुधासारखी पांढरी झाली आणि आम्ही मुली थक्क झालो. सिस्टर फक्त वायू ओळखायला शिकवत होती, तो वाईट आहे असं तिने कधीच म्हटलं नव्हतं. ते मी वाटेत, बसमध्ये, स्वतःच ठरवलं. आणि मला माहीत नाही असं म्हणण्याची माझी तयारी नव्हती. कॉन्व्हेंटात जाणारी मी घरातली पहिली मुलगी.

"त्यातलो गॅस वायट, आई. तो काढलो की झालां."

"मगे ऱ्हवता काय? नुसतां रंगाचां पाणी?"

"होय."

"बघ," तू बाबांना म्हणालीस, "शिकल्याचो उपयोग."

त्या दिवसापासून बाबा एकाऐवजी दोन बाटल्या आणू लागले.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. पोरवयात चूक होते. पण पुढे राजभाषेचं आंदोलन पेटलं. हमरस्त्यावर झाडं तोडून आडवी टाकली, बस बंद, ट्रक बंद, माझी शाळा बंद. कोण कोकणीचा, कोण मराठीचा यावरून जेवणाच्या पंक्तीत माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली. बाबा दोन्हीकडच्यांना हसवायचे, "राजभाषा खंयचीय जांव, थंड मागताना सगळे बोटच दाखयतत." पण दाखवायला बाटल्याच उरल्या नाहीत. आठ-दहा दिवस माल आला नाही. तुला संध्याकाळी चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मग तू भिरंडाची, कोकमाची सोलं भिजत घालायचीस आणि ते लालभडक पाणी मीठ-जिरं घालून प्यायचीस. कधी ताक, कधी पेजेची निवळ.

आणि तुझी तहान कमी झाली. ओट्यावरची कळशी अर्धी राहायला लागली. दुपारी अंग टाकून पडायचीस ती तांदूळ निवडत बसलीस. "आंग हलकां झालां गो," तू म्हणालीस, "ह्या बंदचो माका उपयोगच झालो." सगळे हसले. मी हसले नाही. त्या क्षणी मला कळलं होतं, आई. सगळं एकदम, एखादं उदाहरण सुटावं तसं कळलं. दोष गॅसचा नव्हता.

दोन-तीन दिवसांनी रस्ता मोकळा झाला. दुकानापुढे ट्रक थांबला. संध्याकाळी बाबांच्या हातात ओलं फडकं होतं आणि तुझा चेहरा नेहमीसारखा उजळला. तू लोटा घेतलास, ढवळलंस, कानाला लावलंस. मी पाटावर बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर माझा आधीचा शब्द खोटा ठरला असता, बाबांची बाटली बंद झाली असती, आणि तू माझ्याकडे ज्या कौतुकाने बघायचीस ते कदाचित थांबलं असतं. उद्या सांगू, असं मी ठरवलं. मग गोवा राज्य झालं, त्या दिवशी बाबांनी येईल त्याला थंड पाजलं, तुलाही पाजलं, आणि माझा उद्या आलाच नाही.

मोठ्या हॉस्पिटलात तुझ्या खाटेशी मी उभी होते तो दिवस मी आजवर कुणालाही सांगितलेला नाही. नर्स वही घेऊन विचारत होती, काय खाता, काय पिता. तू म्हणालीस, "गोड काय खायना बाय. पितंय ता गॅस काढलेलां. माझां चेडू शिकलेलां आसा, ता सांगता तसांच मी करतंय." नर्सने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. दोन बोटांनंतर पाऊल गेलं, मग गुडघ्यापर्यंत पाय, आणि त्यानंतर तू फार दिवस काढले नाहीस. शेवटपर्यंत मला विचारून गोळ्या घ्यायचीस.

लग्न होऊन साखळीला आले तेव्हापासून या घरात ती बाटली शिरलेली नाही. पाहुण्यांना सोलांचं पाणी, ताक, नाहीतर बिनसाखरेचं लिंबूपाणी. चवथीला येणाऱ्या बायका थट्टा करतात, "वयनी, तुमगेर इल्यार थंड नाय, कषाय मेळता!" मी हसून त्या 'काढ्याचा' आणखी एक पेला पुढे करते. माझ्या लेकीला मी लहानपणी दुकानापुढून हात ओढत नेलं आहे. मला वाटायचं, एवढं केलं की सुटले. पण तुझं रक्त माझ्यात होतंच, आणि तुझी भीतीही. तहान लागायला लागली तेव्हा मी पाच वर्षं तपासलंच नाही. शिकलेली बाई, सगळं ठाऊक असलेली, आणि पाच वर्षं उद्या, उद्या. आता मला भूल द्यायची सुई, ते टेबल, त्यानंतर पांघरूण वर केल्यावर काय दिसेल, या सगळ्याची भीती वाटते. बोटांनंतर पाऊल, पाऊल झाल्यावर गुडघा. तो क्रम मला पाठ आहे.

म्हणून काही गोष्टी लिहून ठेवते. माझ्या पाटल्या लेकीला द्यायच्या, मोडून नवं काही करायचं असेल तर खुशाल करू दे. शिलाईचं मशीन वरच्या वाड्यावरच्या कामतीण बाईंना, ब्लाउज शिवून त्यांचं घर चालतं. ह्यांच्या मागे राहिलेलं घड्याळ जावयाला. कपाटातले जरीचे दोन शालू कुणीच नेसणार नाही, देवळात द्यावेत. साखर मोजायचं यंत्र शेजारच्या वहिनींना, पट्ट्यांच्या डबीसकट. त्यांचे हातपाय वर्षभर मुंग्या येऊन बधिर होतात आणि त्या दवाखान्यात जात नाहीत. नुसतं यंत्र देऊन भागणार नाही, समोर बसून पहिल्यांदा बोट टोचून द्यायला हवं.

हे सगळं खरं तर लेकीला सांगायला पाहिजे. ती फोंड्यात आहे, तासाभरात येऊन उभी राहील. काल तिचा फोन आला होता, पायाचं काय म्हणून. ड्रेसिंग बदलायला जायचं आहे सोमवारी, असं मी तिला सांगितलं. तुला लिहिते आहे ते त्यामुळेच, आई. तिला पाटल्यांचं सांगायचं तर आधी सोमवारचं सांगावं लागेल.