हुरड्याला छापील संदर्भ

सावेडी, गुरुवार संध्याकाळ

तपासायला आलेल्या ज्वारीच्या शोधनिबंधावर नियतकालिकाच्या एआयने आधीच शेरा मारून ठेवलाय: रस्त्याकडच्या वाफ्याचं उत्पादन संशयास्पद कमी, निबंध नाकारावा. लेखक कोण ते आम्हा परीक्षकांना कळवत नाहीत. पण शेत तिसगावकडचं आहे, आणि त्या वाफ्यातली कणसं हुरड्याला गेली, असं लेखकाने सरळ लिहिलंय.

तिसगावला शेती करणाऱ्या दादाला फोन केला. म्हणाला, "रस्त्याकडची कनसं पाव्हन्यांचीच असत्यात. त्यांना काय न्हाई म्हनायचं व्हय?"

संपादकांना हेच सांगितलं. "मॅडम, मलाही पटतंय. पण एआयशी असहमत व्हायचं तर छापील संदर्भ जोडा, त्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही."

पाहुण्यांनी हुरडा खाल्ला, हे कुठे छापून येतं? शेवटी त्या एआयलाच विचारलं. संदर्भ आढळला नाही म्हणे.

मुदत आज संपतेय. बटणं दोन आहेत, दाबलं जातं ते फक्त 'सहमत'.

रस्त्याकडचा तो एक वाफा. तिथला आकडा लेखकाने गुपचूप वाढवून लिहिला असता, तर एआयने निबंध पास केला असता. मीही केला असता.