यादीतलं दुसरं नाव

३ मार्च, महाड

आले बाई एकदाची! वीर स्टेशनवर उतरले तर रिक्षावाल्याने माझ्या दोन बॅगा, मॉनिटरचं खोकं आणि तुळशीची कुंडी इतकी शिताफीने आत कोंबली की मीच बाहेर उरले. शेवटी कुंडी मांडीवर घेऊन महाड गाठलं. पुण्यात अकरा वर्षं दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं आणि एका सकाळी ईमेलवर नारळ मिळाला. त्यावर रडून झालंय, आता पुरे.

काम मनासारखं आहे. विनीताताईंच्या संस्थेने डोंगरातल्या सात वाड्यांवर भोंगे बसवलेत. खांबाला पर्जन्यमापक, बॅटरी भरणारं सौर पॅनेल, आणि डोंगराच्या भेगेत ताणलेली एक तार. पाऊस फार झाला आणि तार सरकली की भोंगा वाजतो, मग माणसं खालच्या शाळेत जातात. भोंग्याच्या पेटीत चालणारं सॉफ्टवेअर पोलादपूरच्या यज्ञेश्वर सरांनी लिहिलं. सर शाळेत विज्ञान शिकवायचे, गेल्या दिवाळीत वारले. सगळं खुलं ठेवलंय: कुणीही बघावं, घ्यावं, बदलावं. नेपाळमध्ये वापरतात, पेरूमध्येही वापरतात म्हणे. आभाराचं पत्र एकही नाही, तक्रारी एकशे चाळीस. हे मात्र लगेच ओळखीचं वाटलं.

आजपासून ते सगळं मी सांभाळायचं. घरमालकीणबाईंनी पोळी आणि वालाचं बिरडं पाठवलं होतं. दोनदा घेतलं.

७ मार्च

सरांचा एक नियम मला फार आवडला. भोंग्यांपर्यंत कुठलाही बदल जायचा तर दोघांची संमती हवी. एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासून हो म्हणायचं. म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला दिसते, आणि एकाच्या मनात खोट असली तरी दुसरा अडवतो. यादीत दोन नावं आहेत. सरांच्या जागी आता माझं, आणि दुसरं नुसतंच ‘राखणदार’.

आज पहिला बदल पाठवला, तारखेची एक बारीक चूक होती. चार मिनिटांत संमती! सोबत एकच शब्द: हाय. काय तो तोरा. पुण्यात अशा संमतीला चार दिवस लागायचे. मी आभार मानले. विनीताताईंना विचारलं हा कोण, तर म्हणाल्या, सरांचा कुणी विद्यार्थी असेल, मी त्या तांत्रिक भानगडीत पडत नाही.

१९ मार्च

आणखी एक चांगली गोष्ट. दीपक नावाचा एकजण आपणहून दुरुस्त्या पाठवतोय. नेटकं काम, प्रत्येक ओळीचं कारण लिहिलेलं. घर वीरला आहे, नोकरी वाशीला, गावासाठी काहीतरी करावं म्हणतो. काल त्याने लिहिलं, ताई, तुम्ही एकट्या किती करणार? अकरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

२ एप्रिल

आज वरंधच्या वरच्या अंगाला शेवरीच्या कोंडावर जाऊन आले. कोंड म्हणजे लहानशी वाडीच: नऊ घरं, गुरं, शेळ्या, नाचणीची वावरं. तिथला भोंगा नीट चालतोय. पण जे कळलं त्याने अजून डोकं भणभणतंय.

राखणदार हा माणूस नाहीच! तो कोंडाच्या शिवेवरचा दगड आहे. भोंग्याचा खांब त्याच्याच शेजारी. वर्षाला नारळ-कोंबडा देऊन त्याची राखण देतात, आणि त्याला विचारल्याशिवाय कोंडावर विहीरसुद्धा खणत नाहीत. सर एकटे होते, त्यांच्याच नियमाला दुसरं नाव हवं होतं, आणि बाहेरच्या कुणावर त्यांचा भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी दगडाच्या नावाने खातं काढलं! आपला जुना फोन दिला दगडाची पूजा करणाऱ्या सगुणाबाईला. तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून फोनवर दोन मोठी बटणं करून दिली. उजवं हाय, डावं नाय. बदल आला की फोन वाजतो, बाई दगडाला ओल्या कळ्या लावून कौल मागते. उजवी कळी आधी पडली तर हाय, डावी पडली तर नाय.

म्हणजे सात वाड्यांच्या जिवाची तपासणी कळ्यांवर! मी सगुणाबाईला विचारलं, तुला कळतं का हे काय चाललंय? ती म्हणाली, मला नाय कळत गो, त्याला कळतं.

फोन मी मागून घेतला. तिने मुकाट्याने दिला, फक्त म्हणाली की बघ हां, तो तसा गप बसायचा नाय.

५ एप्रिल

सरांच्या परवान्यात आज आणखी एक गंमत सापडली. खुल्या सॉफ्टवेअरचा नेहमीचाच परवाना, मराठीत. कुणीही घ्यावे, बदलावे, वाटावे. जसे आहे तसे आहे, हमी नाही, नुकसानीस लिहिणारा जबाबदार नाही. आणि खाली सरांची भर: बदल करण्याआधी राखणदारास विचारावे.

अशी अट घातली तर ते खुलं राहतच नाही. नवीन देणगीदारांच्या अटींतही स्पष्ट लिहिलंय की परवाना प्रमाण हवा. ओळ खोडली. सोपं काम, एक बटण. सरांबद्दल आदर आहे, पण एवढा शिकलेला माणूस आणि हा अडाणीपणा? राग आला.

फोनची बॅटरी काढून फोन टेबलाच्या खणात टाकला.

२० एप्रिल

कोंडावर सभा घेतली. भागोजीच्या अंगणात सगळे जमले होते. हा भागोजी कोंडाचा पुढारी, सगळे त्याचं ऐकतात. मागच्या पावसात कुणाच्या तरी फोनवरच्या अफवेने माणसं चिखलातून खाली धावली, भागोजीची गाभण म्हैस घसरून मेली. मी ठणकावून सांगितलं की यापुढे कळ्या नाहीत, अफवा नाहीत. भोंगा वाजला तर लगेच निघायचं. भोंगा वाजला नाही तर हलायचं नाही. तसा कागद छापून, माझी सही करून घरोघरी लावला. भागोजीने विचारलं की म्याडम, नाय वाजला तर आमी कोणाला विचारायचं? मी म्हटलं, वाजेल. माझ्यावर विश्वास ठेवा.

ठेवला त्यांनी. बायांनी निघताना काकड्या दिल्या.

६ मे

दीपकने मोठा बदल पाठवलाय. पेट्या दुपटीने लवकर उत्तर देतील म्हणतो. बाराशे ओळी, आणि बांधलेल्या गाठोड्यासारखी एक फाईल, उघडून वाचता येत नाही. चाचणीचा नमुना आहे म्हणाला. तीनशे ओळींपर्यंत वाचलं, उत्तम वाटलं. उरलेलं उद्या.

आणि दुपारी त्याच्या बदलाखाली उत्तर आलं. राखणदार: नाय.

खण उघडला. फोन तिथेच, बॅटरी बाजूला.

७ मे

कुणीतरी माझी टर उडवतंय. सरांनी पासवर्ड कुणाला तरी दिला असणार. बदलला.

अकरा वाजता: नाय.

पुन्हा बदलला. उत्तर कुठून आलं त्याची नोंद काढली. शेवरीच्या कोंडावरच्या पेटीतून. त्या पेटीत लिहायची सोयच नाही. ती फक्त ऐकते आणि वाजते.

कोंडावर फोन लावून भागोजीला विचारलं, पेटीला कुणी हात लावला का? नाय म्हणाला. सगुणाबाई दगडापाशी बसलीय म्हणे, नुसती बसलीय.

१२ मे

तिसऱ्यांदा नाय. दीपक बिचाऱ्याने एवढंच लिहिलं की ताई, असं चाललं तर पावसाळ्याआधी व्हायचं नाही, आणि काही झालं तर बोल तुम्हालाच लागेल. खरं आहे ते. मी एकटी खपतेय आणि एक दगड मला अडवतोय!

मालकीची चावी माझ्याकडे आहे. यादीतून राखणदार काढला. त्या जागी दीपक घातला. दोघांची संमती झाली, बदल सातही वाड्यांवर गेला. नियमाप्रमाणेच.

उरलेल्या नऊशे ओळी वाचल्या नाहीत. हे इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे लिहिणार नाही.

१३ मे

खणात फोन पेटला. बॅटरी नसताना. काचेवर तोच एक शब्द, नाय. खण लावून टाकला, घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. त्यांनी विचारलं, चैत्राली, बरं नाही का? मी म्हटलं, ऊन लागलं.

१६ जुलै

दोन महिने काही लिहिलं नाही, कारण काही घडलं नाही. वाटलं, सुटले.

आज वाड्यांवरून फोन. पेट्या हाताला गरम लागतायत. एवढ्या पावसात, गरम.

१८ जुलै

पेट्या काम करतायत. भोंग्याचं नाही. अहोरात्र दुसऱ्याच कुणासाठी आकडेमोड करतायत आणि बाहेर कुठेतरी पाठवतायत. सातही. ते गाठोडं— ती फाईल उघडलीय आतून. नेपाळच्या पेट्याही तशाच, पेरूच्याही. आमच्या वाड्यांशी त्याला देणंघेणंच नव्हतं. फुकटात राबणाऱ्या पेट्या हव्या होत्या, आणि एक दमलेली बाई, जी वाचणार नाही.

जुनं सॉफ्टवेअर परत घालायला बसले. शिरताच येत नाही, मालकीची चावीही चालत नाही. यादीत माझं नाव नाही. एकच नाव आहे. दीपक.

१९ जुलै

वीरला जाऊन आले. स्टेशनावरच्या रिक्षावाल्यांना गावातलं घर न् घर ठाऊक. दीपकच्या खात्यावरचा फोटो दाखवला. असा कोणी नाय म्हणाले. एकजण म्हणाला, म्याडम, हा फोटो माणसाचा वाटत पण नाय.

दीपकला लिहिलं. शिव्या घातल्या, मग हात जोडले. म्हटलं, नऊ घरं आहेत रे तिथे. त्याने परवान्यातली ओळ पाठवली. जसे आहे तसे आहे. हमी नाही.

२१ जुलै

विनीताताई म्हणाल्या, जबाबदार कोण, आधी ते ठरवू. तहसीलदार साहेबांना फोन केला, त्यांनी भोंग्याच्या नियमांचा कागद मागितला. कागदावर काय लिहिलंय? भोंगा वाजला तर हलवावे. वाजला का? नाही. मग?

सहा वाड्यांच्या पोलीस पाटलांनी ऐकलं, माणसं उतरवतायत. शेवरीच्या कोंडावर फोन लागत नाही.

उद्या वर जाणार. सरांचा फोन बरोबर घेतलाय. का, माहीत नाही.

२२ जुलै, शेवरीचा कोंड, दुपारी दोन

वरंधपासून चालत. पेटी उघडली. भोंग्याला थेट बॅटरी जोडून वाजवणार होते. बॅटरी कोरडी. पंधरा दिवस ऊन नाही, आणि पेटी त्याच्यासाठी राबत राबत शेवटचा थेंब पिऊन बसली.

तार एक वीत सरकलीय.

दगडासमोर दोन कळ्या. दोन्ही डाव्या बाजूला पडलेल्या. सगुणाबाईचं घर बंद. काल दुपारीच शेळ्या घेऊन ओढ्यापलीकडे गेली. सगळ्यांना निघा म्हणून सांगत होती म्हणे. लोक हसले तिला. मीच हसायला शिकवलं होतं.

अडीच

दारोदार ओरडले. कुणी उठत नाही. भागोजीने पाट दिला, चहा दिला. म्हणतो, म्याडम, घाबरू नका, भोंगा नाय वाजला अजून. मी म्हटलं, भोंगा मेलाय, मी मारलाय. त्याने भिंतीवरचा कागद दाखवला. हलायचं नाही. खाली माझी सही. म्हणतो, मागच्या वेळी असंच कोणीतरी वरडलं, माझी म्हैस गेली. तुमीच सांगितलंत ना, कोणी कितीबी वरडू दे.

पाया पडले त्याच्या. तो ओशाळला. म्हणाला, असं नको करू गो, लेकीसारखी तू—

पावणेतीन

झऱ्याचं पाणी लाल. दोन बाया पोरं घेऊन निघाल्या. बाकी आत. चोवीस माणसं. मोजली.

मी जात नाही. कशी जाऊ—

वर काहीतरी मोडतंय. झाडं. एकामागून एक

फोन पेटलाय. पिशवीत. बॅटरी महाडला खणात आहे. दोन बटणं, वर रिकामी जागा, विचारायची

विचारलं. मी, चैत्राली, पहिल्यांदा. अजून वेळ हाय का

भागोजी उठला, बघतोय वर, कागद हातात—

उत्तर येतंय

हाय म्हण रे बाबा. चुकले. तुझं नाव परत घालते, ओळ परत घालते. एकदाच हाय म्हण, एकदाच हा